शेल कुठे आहे, हे एडिटरला कोण सांगणार?

मोबाईल उचलला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठे आहेस?" फोन आईचा असो, मित्राचा असो नाहीतर रेक्टर सरांचा असो, प्रश्न तोच! कारण समोरचा माणूस कुठे आहे हे कळल्याशिवाय पुढचं बोलणंच होऊ शकत नाही. "कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पेनं घेऊन ये" हे वाक्य, कोपरा कुठला हे ठाऊक नसेल तर निरर्थक आहे.

कॉम्प्युटरच्या आतही दिवसभर हाच प्रश्न चालू असतो, फक्त आपल्याला तो ऐकू येत नाही. त्याचं उत्तर चुकलं की काय गंमत होते (खरं तर गंमत होत नाही, रात्र वाया जाते) आणि ते चुकू नये म्हणून काय करता येतं, हे या लेखात सांगायचा विचार आहे. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींनी लगेच पान उलटू नये. प्रोग्रॅमिंगची लॅब आणि लिनक्सची काळी खिडकी सगळ्यांच्याच नशिबात आहे.

दोन गोष्टी आधीच सांगते. मी कॉन्व्हेंटची. 'निर्देशिका' हा शब्द मला या कॉलेजात आल्यावर कळला, त्यामुळे मी सरळ डिरेक्टरीच म्हणणार. आणि कमांडची नावं आपण तोंडाने उच्चारतो तशी इथे लिहिली आहेत. टाइप मात्र नेहमीसारखी इंग्रजीतच करा.

डिरेक्टरी असते कोणाची?

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात आपण लिहून आलो आहोत. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नावावर कर्नल एक नोंद ठेवतो: हा गडी सध्या कुठल्या डिरेक्टरीत उभा आहे. आपण नुसतं 'मेन डॉट सी' म्हटलं की ती फाइल कुठून शोधायची, हे त्या नोंदीवरून ठरतं. पूर्ण पत्ता दिला तर प्रश्नच नाही. पण आपण पूर्ण पत्ता क्वचितच देतो. "डाव्या हाताची तिसरी खोली" असंच बोलतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ही नोंद प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र असते. एकाने जागा बदलली म्हणून दुसऱ्याची बदलत नाही. हे युनिक्स बनवणाऱ्यांनासुद्धा ठेच लागल्यावर कळलं! डेनिस रिची यांनी १९७९ साली युनिक्सच्या जडणघडणीवर एक लेख लिहिला, त्यात हा किस्सा आहे. प्रत्येक कमांडसाठी शेलने नवी प्रोसेस जन्माला घालायची, अशी नवी व्यवस्था त्यांनी केली आणि डिरेक्टरी बदलणारी सीएचडिर ही कमांड अचानक चालेनाशी झाली. कोड वाचून पाहिला, डोकं खाजवलं, मग उलगडा झाला. सीएचडिर आपलं काम चोख करत होती. पण ती डिरेक्टरी बदलत होती स्वतःच्या नव्या प्रोसेसची, आणि दुसऱ्याच क्षणी ती प्रोसेस संपत होती. शेल बिचारा होता तिथेच! शेवटी ही एक कमांड शेलने स्वतःच्या पोटात घेतली. आजसुद्धा सीडी ही कमांड शेलच्या आतच असते, ती याच कारणाने.

म्हणजे नियम झाला: आपली डिरेक्टरी आपणच बदलायची, दुसऱ्याला ती आपोआप कळत नाही. पुढचा सगळा घोळ या एका नियमातून निघतो.

एका घरात दोन बिऱ्हाडं

ईमॅक्स हा एडिटर पुष्कळांनी नुसता ऐकलेला असतो. पहिला ईमॅक्स १९७६ साली एमआयटीमध्ये तयार झाला आणि आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये बाहेर काढला. त्याच्यात मेटा-एक्स (म्हणजे ऑल्ट दाबून एक्स) आणि मग 'शेल' टाइप केलं, की एडिटरच्या आतच बॅश उघडतो. याची मजा अशी, की कमांडचं आउटपुट ही साधी मजकुराची फाइल असल्यासारखी वापरता येते. मागे जाऊन शोधा, कॉपी करा, चुकलेली लांबलचक कमांड दुरुस्त करून पुन्हा पाठवा. एकदा सवय लागली की काळ्या खिडकीत परत जावंसं वाटत नाही.

पण दिसायला एक असलं तरी आत बिऱ्हाडं दोन आहेत. बॅश ही वेगळी प्रोसेस आणि ईमॅक्स ही वेगळी प्रोसेस. बॅशची डिरेक्टरी कर्नलकडे नोंदलेली आहे. ईमॅक्स मात्र आपल्या प्रत्येक बफरसाठी 'डिफॉल्ट-डिरेक्टरी' नावाच्या व्हेरिएबलमध्ये स्वतःचं एक मत बाळगून असतो. तुम्ही शेलमध्ये सीडी मारलीत, बॅश हलला. ईमॅक्सला कोणी कळवलं? कोणीच नाही!

आणि ईमॅक्सच्या त्या मतावर किती गोष्टी अवलंबून आहेत बघा. शेल बफरमध्ये फाइलचं अर्धं नाव लिहून टॅब दाबला, तर पूर्ण नाव ईमॅक्स शोधतो त्याच्या मते असलेल्या डिरेक्टरीत. तिथून नवी फाइल उघडायला गेलात, तर सुरुवात तिथूनच. कंपाइल, ग्रेप, एखादी सुटी शेल कमांड, सगळं तिथेच चालतं. म्हणजे एकाच खिडकीत तुम्ही एंटर दाबता तेव्हा काम बॅशच्या डिरेक्टरीत होतं आणि ईमॅक्सची की दाबता तेव्हा ईमॅक्सच्या. दोघांचं एकमत असेपर्यंत संसार सुखाचा.

मतभेद झाला की

आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीची प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्रीची हकिकत सांगते. तिच्याकडे प्रोजेक्टच्या दोन प्रती होत्या, 'फायनल' आणि 'फायनल-नवीन'. (हसू नका, तुमच्याकडे चार असतील.) दोन्हींत फाइलींची नावं तीच. शेल उघडला तेव्हा ती 'फायनल'मध्ये होती. मग तिने आपली नेहमीची दोन अक्षरी शॉर्टकट कमांड मारली आणि बॅश 'फायनल-नवीन'मध्ये गेला. ईमॅक्सला पत्ताच नाही. तिने शेलमधूनच मेन डॉट सी उघडली, ती उघडली 'फायनल'मधली. दुरुस्ती केली, सेव्ह केली, शेलमध्ये मेक मारलं, ते झालं 'फायनल-नवीन'मधलं. आउटपुट ढिम्म बदललं नाही.

पुन्हा दुरुस्ती, पुन्हा मेक. दोन तास! आणि या दोन तासांत कोणीही तिला एरर दिली नाही. फाइल सेव्ह होत होती, कोड कंपाइल होत होता, सगळं नीट चालू होतं. म्हणून तिने निष्कर्ष काढला, की आपलं लॉजिकच चुकलं असणार. बरोबर असलेलं अल्गोरिदम खोडून तिने नवीन लिहायला घेतलं होतं, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या एकीने सहज म्हणून शेलमध्ये पीडब्ल्यूडी मारून बघितलं. (सिव्हिलवाल्यांनी खूश होऊ नये. हे सार्वजनिक बांधकाम खातं नव्हे, 'मी कुठे आहे ते छाप' अशी कमांड आहे.) मग ईमॅक्सला तेच विचारलं, मेटा-एक्स पीडब्ल्यूडी. दोन उत्तरं, दोन वेगळ्या डिरेक्टऱ्या!

मला या प्रकारात वाईट वाटलं ते दोन तासांचं नाही. टूल गप्प राहून चुकतं तेव्हा माणूस स्वतःच्या बरोबर विचारावर शंका घ्यायला लागतो, हे वाईट आहे. एरर आली असती तर तिने टूलला शिव्या घातल्या असत्या. एरर आली नाही, म्हणून तिने स्वतःला घातल्या.

तर मग शेल कुठे आहे, हे एडिटरला नीट कळण्यासाठी काय काय उपाय आहेत? मला चार माहीत आहेत.

पहिला उपाय: कानोसा घेणे

हा ईमॅक्समध्ये आपोआप चालू असतो. नाव शेल-डिरट्रॅक-मोड. शेल मोडचा मूळ कोड ओलिन शिव्हर्स यांचा. यात ईमॅक्स काय करतो, तर तुम्ही शेलला जी ओळ पाठवता ती आधी स्वतः वाचतो. तिच्यात सीडी, पुशडी किंवा पॉपडी दिसली, की तोही आपलं मत त्याप्रमाणे बदलतो.

हॉस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर आठवा. बाहेर पडताना 'कुठे चाललात' या रकान्यात आपण 'लायब्ररी' लिहितो. रजिस्टरच्या दृष्टीने आपण लायब्ररीत. प्रत्यक्षात लायब्ररी बंद निघाली आणि आपण टपरीवर बसलो, हे रजिस्टरला कसं कळणार? त्यात आपला इरादा लिहिलेला आहे, ठिकाण नाही.

इथेही तसंच. त्या नावाची डिरेक्टरी अस्तित्वात आहे का, एवढं ईमॅक्स तपासतो. शेल तिथे गेला का, हे तपासत नाही. त्यामुळे पुढच्या ठिकाणी तो हमखास फसतो.

एक, एलियस. तुम्ही 'पी' म्हणजे 'सीडी अमुक तमुक' असं ठरवून ठेवलं असेल, तर ईमॅक्सला नुसतं 'पी' दिसतं. वर सांगितलेली हकिकत हीच.

दोन, अटीवर चालणारी कमांड. 'फॉल्स', मग दोन अँडची चिन्हं, मग 'सीडी टेंप' असं लिहून बघा. पहिली कमांड मुद्दाम नापास होते, म्हणून बॅश जागचा हलत नाही. ईमॅक्स मात्र सीडी वाचून टेंपमध्ये जाऊन बसतो.

तीन, शेलमध्येच जन्मलेली व्हेरिएबल्स. तिची किंमत बॅशला माहीत, ईमॅक्सला नाही. सीडीपुढे दुसऱ्या एखाद्या कमांडचं उत्तर घातलं असेल तर तीच कथा.

चार, सोर्स केलेली स्क्रिप्ट किंवा शेल फंक्शन. सीडी आत दडलेली असते, टाइप केलेल्या ओळीत ती दिसतच नाही.

हे बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. मूळ कोडमधल्या टिपेत प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, की हे शंभर टक्के जमणारं काम नाही, तेव्हा टेन्शन न घेता बहुतेक वेळा चालेल अशा जुगाडावर समाधान मानावं. आणि ईमॅक्स गोंधळला तर मेटा-एक्स डर्स द्या, म्हणजे तो शेलला 'डर्स' ही कमांड पाठवून खरं उत्तर मागून घेतो. सोय चांगली आहे. पण ती वापरायला आधी गोंधळ झाल्याचं आपल्याला कळायला हवं ना! खरी अडचण तीच आहे.

दुसरा उपाय: पाटी वाचणे

१९९६ मध्ये पीटर ब्रेटन यांनी डिरट्रॅक नावाचं वेगळं पॅकेज लिहिलं. त्यांची कल्पना साधी आहे. तुम्ही काय टाइप केलं ते सोडा, शेलचा प्रॉम्प्ट वाचा. पुष्कळांच्या प्रॉम्प्टमध्ये सध्याची डिरेक्टरी छापलेली असतेच. एक रेग्युलर एक्स्प्रेशन द्यायचं, त्यातल्या कितव्या कंसात डिरेक्टरी आहे ते सांगायचं, बास. सीडी एलियसमधून झाली काय आणि स्क्रिप्टमधून झाली काय, प्रॉम्प्टवर खरं तेच येणार.

मोठीच सुधारणा आहे ही. इराद्याऐवजी आता पोचल्यानंतरची माहिती मिळते. पण प्रॉम्प्ट ही माणसाने वाचायची पाटी आहे, मशीनने नव्हे. आपण तिला रंग देतो, जागा वाचवायला डिरेक्टरीचं फक्त शेवटचं नाव ठेवतो, गिटची ब्रँच चिकटवतो, दोन ओळी करतो. प्रत्येक वेळी सजावट बदलली की रेग्युलर एक्स्प्रेशन बदला. शिवाय नुसतं 'सोर्स' एवढंच छापलं असेल, तर कुठल्या प्रोजेक्टमधलं सोर्स? तिथे पाटी वाचूनही पत्ता लागत नाही.

तिसरा उपाय: कर्नललाच विचारणे

मघाशी म्हटलं, की बॅशची डिरेक्टरी कर्नलकडे नोंदलेली असते. मग मधले दलाल कशाला? लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाची एक डिरेक्टरी असते. तिच्यात प्रत्येक प्रोसेसच्या नंबरची एकेक डिरेक्टरी, आणि तिच्यात 'सीडब्ल्यूडी' नावाची सिंबॉलिक लिंक. ही लिंक त्या प्रोसेसच्या सध्याच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवते. ईमॅक्सला आपल्या शेलचा प्रोसेस नंबर माहीतच असतो. चार ओळींचं लिस्प फंक्शन लिहायचं: लिंक वाच, डिफॉल्ट-डिरेक्टरी बदल. शेलमध्ये काहीही बदलावं लागत नाही, प्रॉम्प्ट कसाही असू दे.

यात एकच खाचखळगा आहे, वेळेचा. हे फंक्शन एंटर दाबल्याबरोबर चालवलं तर उत्तर जुनंच येतं, कारण बॅशने सीडी अजून केलेलीच नसते! म्हणून ते इनपुटला न बांधता आउटपुटला बांधायचं. शेलकडून मजकूर आला (निदान प्रॉम्प्ट तरी येतोच) की मग विचारायचं.

हा उपाय मला सगळ्यात आवडला होता, पण त्याच्याही मर्यादा आहेत. 'प्रॉक' मॅकवर नाही, विंडोजवर नाही. बॅशच्या आत दुसरा बॅश उघडला, तर ईमॅक्स बाहेरच्या बॅशला विचारत बसतो आणि तो कुठेच गेलेला नसतो. दुसऱ्या युजरची लिंक वाचायला परवानगी मिळत नाही. एसएसएच करून दुसऱ्या मशीनवर गेलात, तर इथल्या कर्नलला तिथलं काय कळणार? तुम्ही सिंबॉलिक लिंकमधून डिरेक्टरीत शिरला असाल, तर बॅश तुम्ही घेतलेला रस्ता दाखवतो आणि कर्नल खरा पत्ता. दोन्ही बरोबर, पण स्क्रीनवर वेगळे दिसतात. आणि ती डिरेक्टरी कोणी उडवलीच असेल, तर लिंकच्या शेवटी 'डिलीटेड' असा शेरा येतो. फंक्शन लिहिताना हे धरून चालावं लागतं.

चौथा उपाय: पोचल्यावर स्वतः कळवणे

घरून निघताना आई काय सांगते? "पोचलास की फोन कर." कुठे जाणार याचं रजिस्टर नको, मागे माणूस लावायला नको. ज्याला खात्रीने माहीत आहे, त्यानेच कळवायचं!

टर्मिनलच्या जगात यासाठी एक पद्धत रुळली आहे. प्रोग्रॅमने टर्मिनलला मजकुराच्या मधूनच गुप्त निरोप पाठवायचे, त्यांना ऑपरेटिंग सिस्टिम कमांड, थोडक्यात ओएससी म्हणतात. त्यातला ७ नंबरचा निरोप म्हणजे 'मी सध्या इथे आहे'. त्याची रचना अशी: एस्केप अक्षर, बंद होणारा चौकोनी कंस, ७, अर्धविराम, मग 'फाइल' ने सुरू होणारा यूआरएलसारखा पत्ता (मशीनचं नाव आणि पूर्ण डिरेक्टरी), आणि शेवटी एस्केप व उलटी तिरकी रेघ. स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही. अॅपलचं टर्मिनल आणि जीनोमचं टर्मिनल हा निरोप ओळखतात. नवीन टॅब उघडल्यावर तो त्याच डिरेक्टरीत उघडण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

ईमॅक्सलाही तो आता कळतो. ईमॅक्स २९ (२०२३) किंवा त्यानंतरचं व्हर्जन असेल, तर 'कॉमिंट-आउटपुट-फिल्टर-फंक्शन्स' या हुकमध्ये 'कॉमिंट-ओएससी-प्रोसेस-आउटपुट' हे फंक्शन घालायचं. ईमॅक्सच्या बाजूचं काम एवढंच. बॅशच्या बाजूला 'प्रॉम्प्ट कमांड' नावाचं व्हेरिएबल आहे. त्यात लिहिलेली कमांड बॅश प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी चालवतो. तिथे वरचा निरोप छापणारं एक छोटं फंक्शन ठेवायचं. बॅश ईमॅक्सच्या आत आहे का, हे 'इनसाइड ईमॅक्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून कळतं. ते भरलेलं असेल तरच निरोप पाठवायचा, म्हणजे इतर टर्मिनलमध्ये काही लुडबुड नको.

पत्त्यात मशीनचं नाव असतं, याचा एक सुंदर फायदा आहे. एसएसएच करून तुम्ही दुसऱ्या मशीनवर गेलात आणि तिथल्या शेलनेही निरोप पाठवला, तर ईमॅक्स नाव बघतो, हे आपलं मशीन नव्हे हे ओळखतो, आणि तो निरोप सोडून देतो. तिथली डिरेक्टरी इथली समजून घोळ घालत नाही. माहीत नाही तिथे गप्प बसणं, हेही शहाणपणच!

पत्ता यूआरएलसारखा असल्यामुळे नावातल्या स्पेसचं वगैरे एन्कोडिंग करावं लागतं. डिरेक्टरीचं नाव मराठीत असेल तर बघायलाच नको. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि एन्कोड केल्यावर एकेका बाइटची ३ अक्षरं. म्हणजे आपला एक 'क' ९ अक्षरांचा होतो! हा भाग ज्यांनी आळस करून सोडला, त्यांचं ट्रॅकिंग 'माझा प्रोजेक्ट' अशा नावावर बरोब्बर अडकतं.

यातही दोन उणिवा आहेत, त्या सांगायलाच हव्यात. बॅश हा निरोप प्रॉम्प्टच्या वेळी पाठवतो. तुम्ही एकाच ओळीत सीडी करून पुढे दहा मिनिटांचं मेक लावलंत, तर ती दहा मिनिटं ईमॅक्स जुन्याच जागी असतो. (झेडशेलमध्ये डिरेक्टरी बदलताक्षणी चालणारा वेगळा हुक आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.) दुसरं म्हणजे निरोप साध्या आउटपुटमधूनच येतो, त्यामुळे कोणी खोडसाळपणे फाइलमध्ये तो लिहून ठेवला आणि तुम्ही ती फाइल कॅट केलीत, तर ईमॅक्स क्षणभर फसेल. पुढचा प्रॉम्प्ट आला की मात्र खरा निरोप येतो आणि गाडी रुळावर.

आणि या चारही उपायांची गरजच नाही, असाही एक शेल आहे. ईशेल, जॉन वीग्ली यांनी लिहिलेला, २००१ मध्ये ईमॅक्स २१ सोबत आला. तो पूर्ण ईमॅक्स लिस्पमध्येच आहे, त्यामुळे बिऱ्हाड एकच आणि मतभेद शून्य. पण तो बॅश नाही. लॅबमध्ये दिलेली बॅशची स्क्रिप्ट त्याच्यात जशीच्या तशी चालेल या भरवशावर राहू नका.

मग करायचं काय?

माझा सल्ला असा. चौथा उपाय बसवा आणि पहिला, म्हणजे शेल-डिरट्रॅक-मोड, बंद करा. दोन्ही चालू ठेवले तरी चालतं, कारण निरोप नंतर येतो आणि चुकीचा अंदाज पुसतो. पण उद्या निरोप यायचे बंद झाले, तर अंदाजावर काम चालत राहील आणि आपल्याला कळणारही नाही. त्यापेक्षा बिघडलं तर ढळढळीत बिघडलेलं दिसू दे. ईमॅक्सच्या मते असलेली डिरेक्टरी खालच्या मोड लाइनवर दाखवायची सोय करून घ्या, म्हणजे मतभेद डोळ्यांसमोर राहील.

मग परीक्षा घ्या. एलियसने जा. 'फॉल्स' आणि दोन अँडवाली ओळ मारा. नावात स्पेस असलेली डिरेक्टरी बनवून तिच्यात शिरा. मराठी नावाची बनवा. सिंबॉलिक लिंकमधून जा. आत दुसरा बॅश उघडा. दर वेळी शेलमध्ये पीडब्ल्यूडी आणि ईमॅक्समध्ये मेटा-एक्स पीडब्ल्यूडी, आणि उत्तरं ताडून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्या परीक्षेत तुमचं सेटिंग नापास होईल ती लक्षात ठेवा. शंभर टक्के कुठलंच पास होणार नाही, पण आपलं कुठे फसतं हे माहीत असणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं.

चारही उपाय ओळीने बघितले तर एक गोष्ट दिसते. पहिला बोलण्यावरून अंदाज करतो, दुसरा पाटी वाचतो, तिसरा नोंदवही उघडतो आणि चौथ्यात खुद्द शेलच सांगतो. प्रत्येक पायरीवर अंदाज कमी होत गेला आणि विचारपूस वाढली. हे फक्त एडिटरला लागू नाही. आपण ग्रुप प्रोजेक्ट करतो तेव्हा "तो मॉड्यूल लिहितोय म्हणाला होता" यावर किती दिवस काढतो! म्हणाला होता म्हणजे रजिस्टरमधली नोंद. लिहून झालं का, हे त्याला विचारावं लागतं, किंवा त्याने कळवायची पद्धत ठरवावी लागते.

आणि शेवटचं. कोड बदलतोय पण आउटपुट बदलत नाही असं झालं, तर लॉजिकवर काट मारण्याआधी दोनदा पीडब्ल्यूडी मारा. तुमचं डोकं बहुतेक ठिकाणावर असतं, डिरेक्टरीच नसते. ईमॅक्सवाल्यांनी सेटिंग करताना कुठे अडलं तर आमच्या विंगमध्ये निरोप पाठवा. उघडलेला लॅपटॉप घेऊन आलात तर उत्तम, सोबत चहा आणलात तर अतिउत्तम!